गाडी कधी सोडायची: पिट स्टॉपमधील रिलीज यंत्रणा सुरक्षित करण्याची पद्धत

पिट स्टॉप, म्हणजे चाके बदलण्यासाठी शर्यतीच्या मध्येच गाडी थांबवणे, किती वेळात झाला याचा आकडा लगेच पडद्यावर झळकतो. गाडी सोडण्याचा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारावर घेतला, हे मात्र काही बिघडल्याशिवाय कोणी विचारत नाही. फॉर्म्युला वनमध्ये २०२३ च्या कतार शर्यतीत मॅक्लारेनने लँडो नॉरिसच्या गाडीची चारही चाके १.८० सेकंदांत बदलली. एवढ्या अवधीत वीसएक माणसांचे काम पुरे झाले आहे का, हे पारखायचे आणि त्याच वेळी फास्ट लेनमधून, म्हणजे गॅरेजांसमोरच्या पिट लेनमधल्या ये-जा करण्याच्या पट्ट्यातून, दुसरी गाडी येत नाही ना, हेही पाहायचे, असा हा निर्णय आहे. त्याच्याभोवतीची यंत्रणा कशी उभारावी, आणि असलेली यंत्रणा कशी सुधारावी, हे या लेखात टप्प्याटप्प्याने मांडले आहे. उदाहरणे मुख्यतः फॉर्म्युला वनमधली असली, तरी गाडी उचलणारा एक जॅक आणि चाकाचे नट फिरवणाऱ्या दोन व्हील गन एवढ्याच सामग्रीवर शर्यतीत उतरणाऱ्या संघालाही यातले बहुतेक सारे लागू पडते.

आधी दोन प्रसंग समजून घ्यावेत

यंत्रणेच्या आराखड्याला हात घालण्यापूर्वी एकाच संघाचे, दहा वर्षांच्या अंतराने घडलेले दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला प्रसंग २००८ च्या सिंगापूर शर्यतीतला. फेरारीने त्या वर्षी लॉलिपॉप, म्हणजे चालकासमोर धरायचा दांड्यावरचा फलक, बाजूला ठेवून दिव्यांची पद्धत आणली होती. सर्व गाड्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार ट्रॅकवर असताना पिट लेनमध्ये एकच गर्दी झाली आणि त्या स्टॉपला दिवा हाताने चालवला जात होता. इंधनाची नळी गाडीला जोडलेली असतानाच तो हिरवा झाला. शर्यतीत आघाडीवर असलेला फेलिपे मासा नळी ओढत पिट लेनच्या टोकापर्यंत गेला आणि मेकॅनिकांना तिथवर धावत जाऊन ती काढावी लागली. तो तेरावा आला आणि त्या वर्षीचे विजेतेपद त्याने एका गुणाने गमावले.

दुसरा प्रसंग २०१८ च्या बहारीन शर्यतीतला. आता दिवा सेन्सरांच्या संकेतांवर चालत होता. किमी रायकोनेनच्या गाडीची तीन चाके बदलली गेली होती, पण डावीकडचे मागचे जुने चाक निघालेच नव्हते. यंत्रणेने तो कोपरा पूर्ण झाल्याचे मानले, दिवा हिरवा झाला, गाडी निघाली आणि नवे चाक घेऊन उभ्या असलेल्या मेकॅनिकच्या पायावरून गेली. त्याच्या पायाची दोन हाडे मोडली. संघाला ५०,००० युरो दंड झाला. त्या कोपऱ्यात काय चालले आहे हे रायकोनेनला दिसणे शक्यच नव्हते. त्याने दिव्यावर विश्वास ठेवला, आणि चालकाकडून तेच अपेक्षित असते.

पहिल्या वेळी हिरवा दिवा माणसाच्या हातून लागला, दुसऱ्या वेळी यंत्राकडून. म्हणून माणूस भरवशाचा की यंत्र, हा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. माझ्या मते यंत्रणेचा पाया एका नियमावर असावा: गाडी रोखण्याचा अधिकार प्रत्येकाला, पण सोडण्याचा अधिकार एकट्या कोणालाही नाही, माणसालाही नाही आणि यंत्रालाही नाही. पुढच्या सर्व पायऱ्या या नियमाचाच तपशील आहेत.

पायरी पहिली: स्टॉपमधील घटनांची साखळी लिहून काढणे

वरून आणि चारही कोपऱ्यांवरून जलद गतीच्या कॅमेऱ्याने सरावाचे स्टॉप चित्रित करावेत आणि एकेक चौकट पुढे सरकवत घटनांची यादी करावी. एका चाकापुरती ती साधारण अशी असते: गन नटवर बसली, नट सुटला, जुने चाक निघाले, नवे बसले, नट आट्यांत शिरला, ठरलेला टॉर्क (घट्ट करणारा पीळ) आला, गन बाहेर आली, माणूस मागे सरला. चारही चाकांची साखळी पूर्ण झाल्यावर दोन्ही जॅक खाली येतात आणि त्यानंतर रस्ता मोकळा असल्याची खात्री होते.

प्रत्येक घटनेपुढे तीन गोष्टी लिहाव्यात. ती घडल्याचे कोणाला कळते, ते पुढे कसे कळवले जाते, आणि ती घडली नसतानाही घडल्यासारखी कशी भासू शकते. खरा उपयोग या तिसऱ्या रकान्याचा असतो. तो रिकामा राहिला, तर यादी करणाऱ्याने त्या कोपऱ्यात स्वतः गन धरून काम केलेले नाही, असे खुशाल समजावे.

पायरी दुसरी: चाक बदलल्याचा पुरावा

सर्वांत जास्त वेळ आणि पैसा इथे खर्च करावा. बहुतेक यंत्रणा एकच प्रश्न विचारतात: नट घट्ट आहे का? बहारीनने दाखवून दिले, की हा प्रश्न अपुरा आहे, कारण न काढलेल्या जुन्या चाकाचा नटही घट्टच असतो. विचारायचा प्रश्न असा, की नट सुटला, चाक निघाले, दुसरे आले आणि मग नट घट्ट झाला, हे सारे याच क्रमाने घडले का. त्यामुळे गनच्या संकेतांची नोंद क्रमाने ठेवावी आणि आधीची घटना नोंदली गेली नसेल, तर पुढची ग्राह्य धरू नये. सुटण्याचा संकेत आलेला नसताना घट्ट झाल्याचा संकेत आला, तर यंत्रणेने तो कोपरा अपूर्णच समजावा.

दुसरी अडचण आडव्या बसलेल्या नटाची. आटे एकमेकांत नीट न शिरता नट तिरका चढला, तर तो लगेच अडतो आणि टॉर्क भरपूर दिसतो. गन धरणाऱ्यालाही हाताला काम झाल्यासारखे वाटते. २०१८ च्या ऑस्ट्रेलियन शर्यतीत हास संघाच्या दोन्ही गाड्या, चौथ्या आणि पाचव्या स्थानावर असताना, चाके नीट न बसल्यामुळे दोन फेऱ्यांच्या अंतराने बाद झाल्या. यावर उपाय म्हणजे टॉर्कच्या जोडीने नट किती फिरला हेही मोजणे. नीट बसलेल्या नटाला ठरावीक फेरे लागतात. त्याहून कमी फेऱ्यांत टॉर्क आला, तर नट तिरका चढला आहे असे समजावे. फेरे पुरे होऊनही टॉर्क आला नाही, तर आटे गेले आहेत किंवा गनचा सॉकेट नुसताच घसरतो आहे. दोन्ही वेळी त्या कोपऱ्याचा दिवा लालच राहिला पाहिजे. सॉकेट घसरल्याने काय होते हे २०२१ मध्ये मोनॅकोत व्हाल्टेरी बोटासच्या गाडीवर दिसले: नटाच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या आणि ते चाक संघाच्या कारखान्यात निघाले, तेही ४३ तासांनी. सॉकेट आणि नट यांची झीज प्रत्येक सत्रानंतर तपासण्याचे काम एका ठरावीक माणसाकडेच असावे. जिथे डाव्या आणि उजव्या बाजूच्या नटांचे आटे उलट दिशेचे असतात, तिथे नटांना आणि गनना वेगवेगळे रंग द्यावेत आणि शर्यतीच्या सकाळी प्रत्येक गन कोणत्या दिशेला लावली आहे हे हाताने फिरवून पाहावे.

तिसरी अडचण माणसाच्या सवयीची आहे. गनवरचे 'झाले' हे बटण काम संपल्यावर दाबायचे असते. पण रोज सराव करणारा माणूस काम संपत आले की दाबू लागतो. हा त्याचा हलगर्जीपणा नसतो. शरीराला ताल कळतो आणि बोट पुढच्या ठोक्याची वाट पाहत नाही. मोटर शर्यतींची जागतिक नियामक संस्था एफआयए हिने २०२१ मध्ये यावर तांत्रिक निर्देश काढला आणि तो त्या वर्षीच्या बेल्जियन शर्यतीपासून लागू झाला. नट घट्ट झाल्यापासून जॅक खाली घेण्याचा संकेत मिळेपर्यंत किमान ०.१५ सेकंद आणि जॅक खाली आल्यापासून हिरव्या दिव्यापर्यंत किमान ०.२ सेकंद जावेत, असे त्यात ठरवले गेले. माणसाला एखादी गोष्ट पाहून प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ साधारण तेवढाच असतो. त्याहून लवकर मिळालेला होकार पाहून दिलेला नसतो, अंदाजाने दिलेला असतो. ज्या स्पर्धांत असा नियम नाही, तिथेही संघाने आपल्या यंत्रणेत हा विलंब स्वतःहून घालावा आणि गन नटापासून वेगळी होईपर्यंत बटण काम करणार नाही अशी जोडणी करावी. यात जाणारा वेळ एका अडखळलेल्या स्टॉपच्या तुलनेत नगण्य आहे.

फॉर्म्युला वनच्या नियमांनुसार सैल झालेला नट निसटू नये म्हणून चाकाला दोन टप्प्यांची अडकण असते. ती जरूर असावी, पण तिला पुराव्यात धरू नये. ती चाक बसल्याचे सांगत नाही, फक्त चूक झाल्यावर थोडा वेळ मिळवून देते.

पायरी तिसरी: जॅक आणि समोरचा माणूस

पुढचा जॅकमन गाडीच्या थेट समोर असतो. जॅक खाली घेताच बाजूला वळता येईल असा फिरता जॅक वापरावा आणि तो माणूस मार्गातून बाहेर गेल्याची खूण हिरव्या दिव्याच्या अटींमध्ये घालावी. गाडीतच एअर जॅक असतील, तर हवेची नळी जोडलेली असेपर्यंत दिवा लाल, एवढी साधी जोडणी पुरते. जॅक खाली आल्याचा धक्का लागताच चालकाने क्लच सोडू नये, हे चालकाला सरावात पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

पायरी चौथी: इंधन, जिथे भरले जाते तिथे

फॉर्म्युला वनने २०१० पासून शर्यतीत इंधन भरणे बंद केले. अमेरिकेतल्या इंडीकार आणि अनेक तास चालणाऱ्या एंड्युरन्स शर्यतींत ते चालू आहे. नळीचे तोंड गाडीत असेपर्यंतचा लाल दिवा कोणत्याही बटणाने बदलता येऊ नये. सिंगापूरला नेमकी हीच जोडणी वगळली गेली होती. हाताची पकड सुटताच बंद होणारी झडप, भिजलेली जागा पुसण्याची सोय आणि आग विझवणारा माणूस हे तर हवेतच. मेथॅनॉलवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत लक्षात ठेवावे, की त्याची ज्वाळा उजेडात जवळपास दिसत नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस शर्यतीत रिक मिअर्सच्या पिटमध्ये आग लागली, तेव्हा तो जळत असल्याचे आसपासच्यांना पटकन उमगले नाही.

पायरी पाचवी: फास्ट लेनमधील अंतर आधी मोजून ठेवणे

गाडी सोडणारा माणूस बहुधा डोळ्यांच्या अंदाजाने ठरवतो. वेगाने येणाऱ्या वस्तूचे अंतर डोळ्यांना समोरून नीट कळत नाही, म्हणून हा हिशोब शर्यतीपूर्वी करून जमिनीवर उतरवावा.

पिट लेनची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर असेल, तर फास्ट लेनमधील गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. आपली गाडी शून्यातून त्या वेगाला पोहोचेपर्यंत मागची गाडी तिच्या जवळ येत राहते. कमी होणारे हे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. आपली गाडी दर सेकंदाला वेगात सेकंदाला १० मीटरची भर घालत असेल, तर ते जवळपास २५ मीटर भरते. थंड टायरवरची जड गाडी सेकंदाला ६ मीटरचीच भर घालू शकत असेल, तर ते ४१ मीटरवर जाते. त्यात चालकाच्या प्रतिसादाच्या ०.३ सेकंदाचे सुमारे ७ मीटर आणि गाडीच्या लांबीचे साडेपाच मीटर मिळवावेत. पहिल्या गाडीसाठी बेरीज ३७ ते ३८ मीटर येते, ४० धरावी. दुसरीसाठी ५५ मीटरच्या खाली जाऊ नये. मर्यादा ताशी ६० असेल, तर पहिल्या गाडीची बेरीज २४-२५ मीटर येते, २७-२८ धरावी, कारण यातला मोठा भाग वेगाच्या वर्गाने घटतो.

मग आपल्या बॉक्सपासून (गाडी थांबवण्याच्या जागेपासून) मागे तेवढे अंतर टेपने मोजावे आणि ती रेषा कोणत्या गॅरेजच्या कोणत्या खांबापाशी येते हे पाहून ठेवावे. नियम एका वाक्यात बसतो: त्या खांबापासून आपल्या बॉक्सपर्यंतच्या पट्ट्यात गाडी असेल, तर सोडायचे नाही. अंदाजाला वाव उरत नाही आणि नंतर चित्रण पाहून निर्णय बरोबर होता की चूक, हे भांडणाशिवाय ठरवता येते.

शेजारचे बॉक्सही या हिशोबात धरावेत. २०१० च्या हंगेरी शर्यतीत रॉबर्ट कुबिचाची रेनो सोडली गेली ती थेट एड्रियन सुटिलवर. सुटिल त्या वेळी आपल्या बॉक्समध्ये वळत होता. पुढच्या संघाची माणसे टायर घेऊन बाहेर उभी दिसली, तर त्यांची गाडी येते आहे आणि ती आपल्या नाकासमोरूनच आत वळणार आहे, हे सोडणाऱ्याने गृहीत धरले पाहिजे. शेजाऱ्यांची माणसे आडवी येऊन मागचे दिसेनासे होत असेल, तर दुसरा निरीक्षक नेमून त्याच्याही होकाराची अट घालावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. २०१९ मध्ये मोनॅकोत मॅक्स व्हर्स्टाप्पेनची गाडी बोटासच्या अंगावर सोडली गेली, दोन्ही गाड्या घासल्या आणि शिक्षा झाली पाच सेकंदांची. त्या दिवशी ती महागात पडली, कारण रेषा दुसरा ओलांडूनही तो चौथा ठरला. पण पाच सेकंद ही गणितात बसणारी किंमत आहे आणि पिट वॉलवर बसून डावपेच ठरवणारी माणसे तिचा हिशोब सहज करू शकतात. म्हणून डावपेच ठरवणाऱ्याचा आवाज सोडणाऱ्याच्या कानात जाणारच नाही, अशी रेडिओची रचना असावी. त्या दोन सेकंदांत शर्यतीत कोणती जागा मिळते आहे हे सोडणाऱ्याला कळण्याचे काही कारण नाही.

पायरी सहावी: दिवा आणि अधिकार

दिव्याची मूळ स्थिती लाल. वायर तुटली, वीज गेली, सेन्सरचा संकेत येईनासा झाला, तरी लालच. हिरव्यासाठी चार चाकांचे पुरावे, दोन जॅक, समोरचा माणूस आणि मोकळा रस्ता हे सारे एकाच वेळी खरे असावे लागतात. रोखण्याचे बटण मात्र प्रत्येक गनवर, दोन्ही जॅकच्या मुठींवर आणि सोडणाऱ्याच्या हातात असावे. नवे चाक घेऊन येणाऱ्याकडेही ते असावे असे मला वाटते, कारण बहारीनला संकट सर्वांत आधी दिसू शकत होते ते त्यालाच. त्याचे हात भरलेले असतात, म्हणून त्याच्यासाठी ओरडून सांगायचा एक ठरलेला शब्द पुरे. तो ऐकून गन धरणाऱ्याने आपले बटण दाबायचे. हिरवा आणि लाल यांची जागाही वेगळी असावी, नुसता रंग नव्हे. उन्हात आणि हेल्मेटच्या काचेआडून रंग फसवा दिसतो.

आता राहिली बिघाडाची सोय. सेन्सर बंद पडले तर हाताने हिरवा देण्याचे बटण अनेक संघ ठेवतात, आणि सिंगापूरचा धडा असा, की ते बटण गर्दीच्या वेळीच वापरले जाते. त्याऐवजी यंत्रणा बिघडली की दिवा पूर्ण बंद करून लॉलिपॉपवर जावे. सिंगापूरनंतर फेरारीनेही तेच केले. हा बदल गाडी आत येण्यापूर्वी ठरला पाहिजे आणि चालकाला तो रेडिओवर सांगितला पाहिजे. गाडी जॅकवर असताना पद्धत बदलायची नाही.

पायरी सातवी: गाडी सुटल्यानंतरची नजर

बॉक्सपासून पिट लेनच्या बाहेरच्या टोकापर्यंत २०० मीटर अंतर असेल, तर ताशी ८० च्या मर्यादेत गाडीला ९ सेकंद लागतात. या अवधीत एका अभियंत्याने चारही गनचे आलेख आणि वरच्या कॅमेऱ्याचे चित्रण पाहून घ्यावे, आणि शंका आली तर 'थांब' म्हणावे. त्या माणसाला स्टॉपच्या वेळी दुसरे काही काम देऊ नये. शब्द एकच असावा आणि तो ऐकताच चालकाने प्रश्न न विचारता कडेला थांबावे. थांबल्यावर चाक तिथेच बसवायला धावणे हा उपाय नव्हे. १९९१ मध्ये एस्टोरिलला नायजेल मॅन्सेलचे मागचे चाक पिट लेनमध्ये निघाले, मेकॅनिकांनी ते तिथेच बसवले आणि त्याला शर्यतीतून बाद करण्यात आले.

सैल चाक घेऊन गाडी ट्रॅकवर गेली तर काय होते, हे २००९ च्या हंगेरी शर्यतीत दिसले. फर्नांडो अलोन्सोच्या रेनोचे पुढचे चाक स्टॉपनंतर उडाले आणि संघाला पुढच्या शर्यतीची बंदी झाली. अपिलात तिच्या जागी दंड आला. पिट लेनमध्ये चाक निसटले तर मात्र धोका माणसांना असतो. २०१३ मध्ये न्युर्बर्गरिंगला मार्क वेबरच्या रेड बुलचे मागचे उजवे चाक सुटून उसळले आणि पाठमोऱ्या उभ्या कॅमेरामनला लागले. त्याचे गळ्याजवळचे हाड आणि बरगड्या मोडल्या. टायरसह १२ किलो भरणारे चाक ताशी ८० वेगाने जाताना त्यात जवळपास ३,००० ज्यूल ऊर्जा असते, आणि फिरण्याची वेगळी. त्यानंतर शर्यतीतील पिट लेनची मर्यादा १०० वरून ८० वर आली आणि पिट लेनमधील माध्यमांच्या वावरावर निर्बंध आले. मुळात ही वेगमर्यादा आली ती १९९४ मध्ये इमोलाला मिकेले अल्बोरेटोच्या मिनार्डीचे चाक निसटून इतर संघांचे मेकॅनिक जखमी झाल्यावर.

संघाच्या हातात आहे ते एवढे, की हेल्मेट आणि आगरोधक कपड्यांशिवाय कोणी रेषेपुढे जाणार नाही, आणि काम नसलेला माणूस गॅरेजच्या आत राहील. शेवटच्या फेरीतही. २०२३ मध्ये बाकूला एस्तेबान ओकॉन अखेरच्या फेरीत आत आला, तेव्हा छायाचित्रकार आणि अधिकारी पिट लेनमध्ये येऊन उभे होते.

पायरी आठवी: चुका पेरून सराव

नीट चाललेल्या स्टॉपचा सराव सगळेच करतात. प्रशिक्षकाने कोणालाही न सांगता खराब आट्यांचा नट द्यावा, एका सेन्सरची वायर काढून ठेवावी, सोडण्याच्या क्षणी फास्ट लेनमधून गाडी न्यावी, कधी एका कोपऱ्यातल्या माणसाला चाक काढूच नको असे सांगावे. प्रत्येक वेळी दिवा लाल राहिला का, हे नोंदवावे. चुकीचे हिरवे आणि विनाकारण लाल यांची मोजणी वेगवेगळी ठेवावी. पहिला आकडा शून्यावर येईपर्यंत ती यंत्रणा शर्यतीत नेऊ नये. दुसरा फार वाढला, तर माणसे लाल दिव्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात, म्हणून त्याचेही कारण शोधावे. ज्याने रोखण्याचे बटण दाबले, त्याला ते अनाठायी ठरले तरी बोल लावू नये, नाहीतर पुढच्या खेपेला तो दाबणार नाही. वेळ मोजताना सर्वांत जलद स्टॉपपेक्षा स्टॉपमधील फरकाकडे पाहावे: सातत्याने २.५ सेकंदांत काम करणारा संघ, अधूनमधून २.१ आणि मधेच ८ सेकंद घेणाऱ्या संघापेक्षा पुढेच असतो.

गन बदलली, नटाचा घाट बदलला, बटणाची जागा बदलली किंवा प्रोग्रॅममधली एक ओळ जरी बदलली, तरी पेरलेल्या चुकांचा हा संपूर्ण सराव पुन्हा करावा. शर्यतीच्या आठवड्यात तेवढा वेळ नसेल, तर तो बदल पुढच्या शर्यतीपर्यंत थांबवावा आणि गाडी जुन्याच मांडणीवर न्यावी.